संयुक्त अरब प्रजासत्ताक टिकले असते तर?

१/ २८ सप्टेंबर १९६१. दमास्कस रेडिओवरून लष्करी बंडखोरांची निवेदने एकामागून एक प्रसारित होत होती. नवव्या निवेदनाने कैरोच्या प्रतिनिधीशी समझोता झाल्याचे सांगितले. दहाव्याने तो रद्द ठरवला. या दोहोंच्या दरम्यान साडेतीन वर्षांचे एक राष्ट्र संपले. नववे निवेदन कायम राहिले असते तर? #थ्रेड

२/ प्रथम पार्श्वभूमी. जानेवारी १९५८ मध्ये सीरियन लष्करी अधिकाऱ्यांनी कैरोला जाऊन नासर यांच्याकडे दोन्ही देशांच्या ऐक्याची मागणी केली. नासर साशंक होते. त्यांनी अटी घातल्या: संघराज्य नको, संपूर्ण विलीनीकरण हवे, सर्व पक्ष विसर्जित व्हावेत, लष्कराने राजकारण सोडावे. सीरियाने सारे मान्य केले.

३/ १ फेब्रुवारीला इजिप्त व सीरियाच्या ऐक्याची घोषणा झाली. २१ फेब्रुवारीच्या सार्वमतात जवळपास शंभर टक्के कौल नोंदवला गेला. नासर राष्ट्राध्यक्ष झाले. सीरिया आता केवळ 'उत्तर प्रांत' होता. दोन्ही प्रांतांना जोडणारी सीमा नव्हती. मध्ये इस्रायल होते.

४/ उत्तर प्रांताची सूत्रे गुप्तहेर खात्याच्या अब्देल हमीद सर्राज यांच्या हाती एकवटली. १९५९ मध्ये लेबनॉनचे कम्युनिस्ट नेते फरजल्लाह अल-हिलू यांचा दमास्कसच्या कोठडीत छळामुळे मृत्यू झाला. ज्या बाथ पक्षाने ऐक्याचा ध्यास घेतला होता, त्याच्याच मंत्र्यांनी त्या वर्षाअखेरीस राजीनामे दिले.

५/ जमीन सुधारणा नेमक्या दुष्काळाच्या वर्षांत लागू झाल्या. जुलै १९६१ मध्ये बँका व मोठ्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑगस्टमध्ये प्रांतिक मंत्रिमंडळच रद्द झाले. जमीनदार, व्यापारी, राजकीय पक्ष आणि लष्करी अधिकारी असे सारेच दुरावले. सप्टेंबरमध्ये खुद्द सर्राज यांनीही राजीनामा दिला.

६/ बंडाचा सूत्रधार नहलावी हा नासर यांचे दमास्कसमधील प्रतिनिधी आमेर यांच्याच कार्यालयाचा प्रमुख होता! नासर यांनी तडजोड नाकारली. लताकियाकडे छत्रीधारी सैनिक धाडले, पण अरबांनी अरबांचे रक्त सांडू नये म्हणून मोहीम थांबवली.

७/ आता जर-तर. नियम एकच: एक घटक बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे.
पहिली शक्यता: समझोता टिकला. सीरियन अधिकाऱ्यांना बदल्या-बढत्यांवर अधिकार मिळाले असते. सामान्य नागरिकाला मात्र ना पक्ष मिळाला असता, ना मुक्त वृत्तपत्र. पुढच्या तक्रारीचा निकालही छावणीतच लागला असता.

८/ दुसरी शक्यता: बंड चिरडले गेले. मग खुष्कीचा मार्ग नसलेल्या प्रांतात इजिप्तला कायम फौज ठेवावी लागली असती. सप्टेंबर १९६२ नंतर इजिप्तचे सैन्य येमेनच्या यादवीत गुंतले. सीरिया धरून ठेवताना तो हस्तक्षेप झेपला असता का? माझ्या मते, त्या प्रमाणात नाही.

९/ तिसरी शक्यता: १९५८ मध्येच पक्ष व प्रांतिक स्वायत्तता राखणारे संघराज्य. हे अधिक काळ टिकण्याचा संभव होता. पण नासर यांनी ते स्वीकारले नसते. हुकूमशाही हा या प्रजासत्ताकाला पुढे जडलेला रोग नव्हता. ती त्याच्या जन्माची अट होती. म्हणूनच केवळ १९६१ चा एक दिवस बदलून त्याचे भवितव्य बदलत नाही.

१०/ प्रत्यक्षात काय घडले? ऐक्याच्या काळात कैरोला पाठवलेल्या काही सीरियन अधिकाऱ्यांनी तेथेच एक गुप्त लष्करी समिती स्थापन केली. त्यांत सलाह जदीद आणि हाफिज अल-असद होते. १९६३ मध्ये याच गटाच्या पुढाकाराने बाथ पक्ष सत्तेवर आला. १९७० मध्ये असद सर्वेसर्वा झाले.

११/ इजिप्तने 'संयुक्त अरब प्रजासत्ताक' हे नाव १९७१ पर्यंत जपले. त्याचा दोन ताऱ्यांचा ध्वज सीरियाने १९८० मध्ये पुन्हा स्वीकारला. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळेपर्यंत तो फडकत होता. ऐक्य साडेतीन वर्षांत विरले; गुप्तहेरांच्या बळावर राज्य करण्याची रीत दशकानुदशके टिकली.

१२/ जर-तरचा खेळ खेळताना आपण बहुधा नेत्याचा निर्णय बदलतो. येथे प्रजेला निर्णयाचा अधिकार देऊन पाहा. सारा पट बदलतो. वरील तीनपैकी कोणती शक्यता तुम्हाला अधिक पटते, आणि का? अवश्य लिहा.