ई-प्रबंधाची कुळकथा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडलं १९१६ साली. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. रीतसर पदरात पडली ती १९२७ साली. दरम्यान लंडनची एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी उरकली होती. मग घोडं कुठे अडलं होतं? छापखान्यात. प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी नाही, असा कोलंबियाचा दंडक होता. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेनं ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ छापला, तेव्हा वाट मोकळी झाली.

आज ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पीडीएफ चढवणाऱ्या ग्रंथपालाची कुळी शोधायची तर या अटीपासूनच सुरुवात करावी लागते.

अट मूळची जर्मन. तिथली विद्यापीठं छापील प्रबंधांची आपसात देवघेव करत. १८१७ साली मारबुर्गमध्ये त्यासाठी विनिमय मंडळच निघालं. विद्यार्थ्यानं पदरमोड करून छापायचं आणि ग्रंथालयानं त्या प्रतींच्या बदल्यात दुसऱ्यांचे प्रबंध मिळवायचे. १८६१ साली येल विद्यापीठानं अमेरिकेतली पहिली पीएच.डी. दिली आणि पुढे पदवीमागोमाग छपाईची सक्तीही अटलांटिक ओलांडून गेली.

ही सक्ती सैल केली ती यूजीन पॉवर या गृहस्थानं. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी तो एका छापखान्यात नोकरीला होता. ज्या पुस्तकाला जगभरात मोजकेच वाचक आहेत त्याची कितीही लहान आवृत्ती काढली तरी तोटाच, हे गणित त्याला तिथे उमगलं. १९३८ साली अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोल्यांत त्यानं ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ थाटली. पद्धत सोपी होती. प्रबंधाची एक मूळ फिल्म जपून ठेवायची, त्याचा सारांश नियतकालिकात छापायचा आणि कुणी मागणी केली की तेवढीच प्रत काढून द्यायची. पॉवरनं पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘एडिशन ऑफ वन’!

ई-प्रबंधाचा खरा पूर्वज कोण, यावर वाद घालायला जागा आहे. पहिला मान सहसा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाला मिळतो, कारण १ जानेवारी १९९७ पासून तिथे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच देणं सक्तीचं झालं. पण ज्या बैठकीत या कल्पनेची पहिली गंभीर चर्चा झाली, ती १९८७ सालची. ती भरली ॲन आर्बरमध्ये आणि बोलावली होती पॉवरनं स्थापन केलेल्या त्याच कंपनीनं! व्हर्जिनिया टेक तिथे पाहुणं होतं. तेव्हा सगळी भिस्त एसजीएमएल या मजकूर-खुणांच्या प्रणालीवर होती. बाजी मारली ती १९९३ साली आलेल्या पीडीएफनं. तंत्र बदललं, एक मूळ प्रत आणि मागेल त्याला नक्कल, हा सांगाडा पॉवरचाच राहिला. ब्रिटिश लायब्ररीची ‘इथॉस’ ही सेवा २००९ साली सुरू झाली, तेव्हा तिथेही कुणी मागितल्यावरच जुना प्रबंध स्कॅन होई. इतकं घराणेसाम्य योगायोगानं येत नसतं.

जर्मन अटीच्या बाजूनंही एक मुद्दा मात्र मानावा लागतो. आंबेडकरांच्या १९२५च्या ग्रंथाचा चौथा भाग १९१९च्या कायद्याखालच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. १९१६ साली न्यूयॉर्क सोडताना हा कायदा अस्तित्वातच नव्हता. म्हणजे छपाईच्या सक्तीनं पदवी लांबली, पण तेवढ्यात ग्रंथ वाढला. ई-प्रबंधाचं धोरण नेमकं उलटं: परीक्षकांनी मान्य केलेला मजकूर जसाच्या तसा जपायचा.

भारतात म्हैसूर विद्यापीठाच्या ‘विद्यानिधी’ या ई-प्रबंध प्रकल्पानं वाट पाडली आणि यूजीसीच्या २००९च्या नियमावलीनं प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘शोधगंगा’ डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. तिथला एखादा प्रबंध उघडला की तो तुकड्यांत दिसतो: ०१_टायटल, ०२_सर्टिफिकेट, मग प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल आणि शेवटी ८०_रेकमेंडेशन. या शेवटच्या फाइलमध्ये मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एकत्र बांधलेले असतात, म्हणजे प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही ते आधी चाखून पाहता यावं. पॉवरच्या सारांश-नियतकालिकाचं कामही हेच होतं.

मराठी प्रबंधांपाशी मात्र ही साखळी तुटते. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर पडद्यावर देखणा देवनागरी दिसतो. कॉपी करून दुसरीकडे डकवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. अशा पीडीएफमध्ये ‘तमाशा’ शोधला तर सापडत नाही, मग भले दोनशे पानं तमाशावरच असोत. नुसत्या स्कॅन केलेल्या पानांची गतही तीच. प्रत आहे, पण मागणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही.

त्यामुळे मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणापासूनच युनिकोड वापरावं. ग्रंथपालांनीही फाइल स्वीकारताना एक परिच्छेद कॉपी करून पाहावा आणि अक्षरं बिघडली तर फाइल तिथल्या तिथे परत करावी.