संगणकाची स्मृती वाढविणे

डेस्कटॉप संगणकातील मूळ रॅमला नव्या पट्टीची जोड देणे, किंवा जुनी पट्टी काढून अधिक क्षमतेची बसविणे, यास संगणकाची स्मृती वाढविणे असे म्हणतात. जुना संगणक टाकून न देता त्याचे आयुष्य वाढविण्याचा हा तुलनेने कमी खर्चाचा उपाय आहे. मात्र संथपणाचे कारण अपुरी स्मृती हेच असेल आणि पट्टी योग्य प्रकारची असेल, तरच तो लागू पडतो.

स्वरूप

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती होय. चालू असलेले प्रोग्राम व माहिती तीत राहते आणि वीज जाताच पुसली जाते. कायमचा साठा हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर असतो. रॅम अपुरी पडल्यास कार्यप्रणाली डिस्कचा काही भाग स्मृतीसारखा वापरते. डिस्क रॅमपेक्षा पुष्कळ मंद असल्याने संगणक रेंगाळतो.

प्रकार

डेस्कटॉपमध्ये आढळणाऱ्या पट्ट्यांच्या प्रमुख पिढ्या पुढीलप्रमाणे आहेत :

- डीडीआर२ : २४० पिना, १.८ व्होल्ट
- डीडीआर३ : २४० पिना, १.५ व्होल्ट
- डीडीआर४ : २८८ पिना, १.२ व्होल्ट
- डीडीआर५ : २८८ पिना, १.१ व्होल्ट

पिनांची संख्या समान असली तरी पट्टीवरील खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती बळजबरीने दाबल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

विंडोज १० व ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात एकूण रॅम, वापरातील रॅम आणि भरलेले स्लॉट दिसतात. नेहमीची कामे चालू असताना रॅम जवळजवळ भरलेली दिसत असेल, तर वाढ उपयोगी ठरते. ती बरीच मोकळी असूनही संगणक मंद असेल, तर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे अधिक फलदायी होते. मदरबोर्डची कमाल मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ३२-बिट विंडोज १० चार जीबीपेक्षा अधिक रॅम वापरू शकत नाही. तेथे आधी ६४-बिट प्रणाली बसवावी लागते. समान क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसविल्यास अनेक मदरबोर्डांवर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहितीची ने-आण होते.

बसविण्याची रीत

संगणक बंद करून वीजजोडणी काढावी व चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज निघू द्यावी. अंगावरील स्थिर विद्युतभार जाण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. स्लॉटच्या कडेच्या कड्या उघडून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कड्या आपोआप मिटतात. सोनेरी पिनांना स्पर्श करू नये. संगणक सुरू न होता बीप वाजू लागल्यास पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी.

वाशीम जिल्ह्यासारख्या ठिकाणचे महत्त्व

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रात ठिकठिकाणी संगणक केंद्रे उभी राहिली. वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील एखाद्या शाळेला वा केंद्राला सर्व संगणक एकदम बदलणे परवडत नाही, तेव्हा स्मृती वाढविण्याचा विचार होतो. प्रयोगशाळेतील संगणक एकाच नमुन्याचे असतील, तर एकाची तपासणी सर्वांना लागू पडते आणि बिघडलेल्या संगणकांतील चांगल्या पट्ट्या इतरांत वापरता येतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर विद्युतभार सहज साठतो, म्हणून तेथे वरील दक्षता अधिक आवश्यक ठरते. धूळ आधी हलक्या हाताने झाडून घ्यावी.

मर्यादा

स्मृती वाढविल्याने प्रोसेसरचा मूळ वेग वाढत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमबरोबरच ठरावीक प्रोसेसर व सुरक्षा चिपही लागते. त्यामुळे जुन्या संगणकात केवळ रॅम घालून ती पात्रता येत नाही. अशा संगणकावर लिनक्सवर आधारित हलकी प्रणाली वापरता येते.