पितळी पातेले आणि बाळाचे यकृत

वाशीम म्हटले, की इतिहासप्रेमी वाचकाला वाकाटकांचा ताम्रपट आठवतो. राजा दुसरा विंध्यशक्ती याचे दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले, म्हणून सोळाशे वर्षांनंतरही ते वाचता आले. मी याच जिल्ह्यातला. पण आज तांब्याची एक निराळी हकीकत सांगणार आहे. ती राजवाड्यातली नाही, स्वयंपाकघरातली आहे.

आमच्या आजीच्या पिढीत ‘पोराला लिव्हर झाली’ एवढे शब्द कानावर आले, तरी घर सुन्न होई. मूल असे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे. ते किरकिरे होई, पोट फुगे, उजव्या बरगडीखाली यकृताची टणक कड हाताला लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुधा काही महिन्यांतच शेवट. १८८७ साली कलकत्त्याच्या सेन यांनी या दुखण्याचे वर्णन केले. पण कारण कोणालाच उमगेना. एकाच घरात पाठोपाठची भावंडे जात. मग कोणी आईच्या दुधाला बोल लावी, कोणी घराण्याच्या रक्ताला, कोणी दृष्ट लागण्याला.

आत काय घडत होते? यकृताच्या पेशी एका नाजूक तंतुजालाच्या आधाराने राहतात. हे जाल इतके विरळ असते, की रक्तातला रस त्यातून सहज पाझरतो. पेशींच्या शेजारी ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. कुपफर या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८७६ साली दाखवल्या. एरवी त्या ‘अ’ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसतात. यकृताला इजा झाली, की मात्र त्या जाग्या होतात आणि कोलॅजेनचे जाड धागे विणू लागतात. जखम सांधण्याचाच हा प्रयत्न. पण इजा रोजचीच असेल तर विणकाम थांबत नाही. विरळ जाळीचे गोणपाट होते, रस पाझरेनासा होतो आणि यकृत दगडासारखे घट्ट होते. या बालरोगात तर हे धागे एकेका पेशीभोवती वेढे घालीत.

रोजची ही इजा कशाची? १९७८-७९ च्या सुमारास लंडनमधील संशोधकांनी अशा यकृतांचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने तपासले, तेव्हा त्यांत तांब्याचे विलक्षण साठे आढळले. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी घरोघरीच्या आहाराची चौकशी केली. १९८३ साली त्यांचे अनुमान प्रसिद्ध झाले: आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते पितळी भांड्यांत तापवले व ठेवले जाई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसली किंवा झिजली, की तांबे दुधात उतरते आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटून थेट बाळाच्या पोटात जाते. भावंडांचे पातेले एकच होते! काहींच्या मते जन्मजात दुबळेपणाचाही यात वाटा असावा. तो वाद आहे. पण ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने गेली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांतच तापवीत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. आपल्याकडेही स्टील आणि ॲल्युमिनियम घरात आले, तसा हा आजार विरळ होत गेला.

सर्वांत आशेची गोष्ट पुढेच आहे. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढते. कावीळ होण्याआधीच ते मिळाले, तर पुष्कळ मुले वाचली. १९९६ साली पुण्याच्याच डॉक्टरांनी पाच वर्षांहून अधिक जगलेल्या २९ मुलांचा वृत्तान्त दिला. त्यांतल्या काहींचे यकृत तपासले, तर ते जवळजवळ पूर्ववत झालेले दिसले. इजा थांबली, की तारापेशी निवतात आणि विणलेले धागे शरीरच हळूहळू विरघळवते. यकृताचा हा व्रण कायमचाच, असे पूर्वी मानीत. ते खरे नव्हते. मात्र उशीर झाल्यास उपाय उरत नाही.

दिवाळीला माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, चिंचेने घासून लखलखतात. त्यांत रांगोळीशेजारी पाणी भरून फुले अवश्य ठेवावीत. दुधाचे पातेले मात्र स्टीलचे असावे. आणि पितळेचेच हवे असेल, तर आधी कल्हईवाल्याला हाक मारावी. त्याच्या भात्याची फरफर, नवसागराचा धूर आणि कथलाचा तो रुपेरी हात, यांनी किती पाळणे हलते ठेवले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.