क्लॅरिनेटचा पहिला पाठ कुणासाठी लिहिला गेला?

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला छोटा आहे. चाळिशी-पन्नाशीत कुणी हौसेनं क्लॅरिनेट हातात घेतलं, तर त्यानं आधी वाजवावं काय? बहुतेक वेळा समोर एक जाडजूड पुस्तक येतं. लांब सूर, आरोह-अवरोह, बोटांचे व्यायाम, पुन्हा बोटांचे व्यायाम. काही महिन्यांत वाद्य कपाटावर जातं, आणि माणूस म्हणतो, ‘आता वय राहिलं नाही.’ वयाला दोष देण्याआधी ते पुस्तक कुणासाठी लिहिलं होतं, हे आपण पाहू.

त्यासाठी पॅरिसला जावं लागतं. तिथलं सरकारी संगीत विद्यालय, कॉन्झर्व्हेटवार, १७९५ साली निघालं. त्याची एक मुळी क्रांतीच्या काळातल्या नॅशनल गार्डच्या बँडमध्ये होती. फुंकवाद्यं वाजवणारी माणसं हवी होती, आणि पुष्कळ हवी होती. या विद्यालयासाठी लफेव्र यांनी लिहिलेली ‘पद्धत’ १८०२ मध्ये छापली गेली. पुढे तिथलेच प्राध्यापक क्लोझे यांनी ब्युफे या कारागिराबरोबर क्लॅरिनेटच्या चाव्यांची नवी रचना घडवली आणि १८४३ मध्ये आपलं पुस्तक काढलं. ते आजही शिकवण्यात आहे. पुस्तक उत्तमच, प्रश्नच नाही. पण त्याचा वाचक होता रोज तासन्‌तास सराव करणारा, पुढे बँडमध्ये किंवा ऑपेराच्या वाद्यवृंदात पोट भरणारा तरुण. दिवसभर नोकरी करून रात्री साडेआठला वाद्य जोडणारा माणूस त्या पुस्तकाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आता वाद्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. बासरीत फुंक जोरात मारली की तीच बोटं वरच्या सप्तकातला तोच सूर देतात. क्लॅरिनेट तसं वागत नाही. त्याची नळी सरळ असते आणि रीडच्या बाजूनं बंद असल्यासारखी चालते. म्हणून खालच्या ‘सा’ची बोटं तशीच ठेवून मागची चावी दाबली, तर मिळतो वरच्या सप्तकातला पंचम. मधले सूर भरून काढायला जादा भोकं आणि चाव्या लागतात. या दोन पल्ल्यांच्या सांध्यावर शिकणारा अडखळतो. एका सुराला जवळजवळ सगळी बोटं उचललेली, आणि लगेच पुढच्या सुराला सगळी भोकं बंद. एक बोट जरी सैल राहिलं तरी ‘चीं’ असा आवाज निघतो, शेजारपाजारचे ओळखतात!

पण १७०० च्या आसपास न्यूरेंबर्गच्या डेनरनं हा वरचा पल्ला खुला केला, तो ज्या वाद्यात सुधारणा करून, त्या शालुमोचं काम खालच्याच सुरांवर भागत होतं. पल्ला जेमतेम दीड सप्तकाचा. तरी टेलेमननं दोन शालुमोंसाठी कॉन्चेर्तो लिहिला. म्हणजे सांध्याच्या खालचे सूर ही काही बालवाडी नाही, तिथेही पूर्ण संगीत होतं. क्लॅरिनेटच्या त्या पल्ल्याला आजही शालुमोच म्हणतात. बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली (१८२४) ती प्रसिद्ध आनंदाची चाल घ्या. एका खालच्या पंचमाचा अपवाद सोडला, तर ती लागोपाठच्या पाच सुरांत बसते. सांधा न ओलांडता अख्खी वाजते.

उलट चूक होते ती मोत्सार्टच्या बाबतीत. त्याच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोमधला (१७९१) संथ भाग सगळ्यांना वाजवायचा असतो, कारण तो संथ आहे. पण संथ म्हणजे सोपं नव्हे. त्याची पहिलीच ओळ सांध्याच्या वर सुरू होते आणि श्वास पुरेपूर मागते. मोत्सार्टकडून घ्यायचंच तर वेगळं काही घ्यावं. १७८६ मध्ये त्यानं क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठी एक त्रयी लिहिली, ती जाकँ कुटुंबाच्या मित्रमंडळातली. पियानोवर त्या घरातली त्याची शिष्या, व्हायोलावर तो स्वतः. ती रचना नवशिक्याची नाही, पण बैठकीची ती रीत उचलण्यासारखी आहे. त्या काळच्या शिकाऊ पुस्तकांतही गुरू-शिष्यांसाठी दुगाणी असत. खालचे चार सूर धरणाऱ्याला शेजारी दुसरं क्लॅरिनेट मिळालं, की त्या चार सुरांचं गाणं होतं. लफेव्रच्या पुस्तकातल्या बारा सोनाटांनाही खाली खर्जाची साथ आहेच.

मोठेपणी शिकून कुठवर जाता येतं, असं कुणी विचारतं तेव्हा आम्ही ॲकर बिल्क यांचं नाव घेतो. इंग्लंडच्या सॉमरसेटचा हा माणूस क्लॅरिनेट शिकला तो लष्करात, सुएझ कालव्याच्या भागात असताना. १९६१ मध्ये त्यानं ध्वनिमुद्रित केलेली ‘स्ट्रेंजर ऑन द शोर’ ही धून पुढच्या वर्षी अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली. आधी तिला त्यानं आपल्या मुलीचं, जेनीचं, नाव दिलं होतं. बोटांची कसरत नाही, खालच्या सुरांतला तो कंप पावणारा, श्वास ऐकू येणारा आवाज, हेच त्याचं भांडवल.

आपल्या श्रोत्यांसाठी एक सोय आहे. द्व्होर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीच्या (१८९३) संथ भागाची सुरुवातीची ओळ ऐकलीत तर ग प प, ग रे सा, अशी भूपाच्याच सुरांत चालते. क्लॅरिनेटच्या खालच्या ‘जी’ला सा धरा, ओळ शालुमोत बसेल. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला अशी चाल आधी कानानं घेतो, कागद नंतर. फक्त घरच्या पेटीची साथ घेताना लक्षात असू द्या, नेहमीचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं. तुम्ही ‘सी’ वाजवलात की पेटीवर काळी पाच लागते, आणि ‘जी’ वाजवलात की पांढरी चार. पेटीवाल्याला ते आधीच सांगून ठेवा.