दाखल्यावरचा एक रकाना

आपल्या नात्यागोत्यातली पुष्कळ मुलं आज अमेरिकेत आहेत. त्यामुळे लग्न, जोडीदाराचा व्हिसा, मग ग्रीन कार्ड ही वारी आता घरातल्या आजीलाही पाठ झाली आहे. पण दोघांपैकी एक जण ट्रान्सजेंडर असेल तर? म्हणजे जन्मदाखल्यावर लिहिलेलं लिंग त्या व्यक्तीचं खरं लिंग नसेल तर? या प्रश्नाचा तिथला इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

१९९६ साली अमेरिकेत 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट' आला. केंद्र सरकारपुरतं लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, एवढंच. आता गंमत अशी की तिथे लग्नाचे कायदे राज्यांचे आणि व्हिसा केंद्राचा. मग स्त्री कोणाला म्हणायचं, हे ठरवायचं कोणी? टेक्सासमधल्या एका न्यायालयाने १९९९ मध्ये पतीच्या मृत्यूबद्दल दावा लावणाऱ्या ट्रान्सजेंडर पत्नीला सांगितलं, की तुमचं लग्न मुळात झालेलंच नाही! राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलायचं.

मे २००५ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळापुढे नॉर्थ कॅरोलायनातलं एक जोडपं आलं. पत्नी अमेरिकन आणि ट्रान्सजेंडर, पती एल साल्वादोरचा. शस्त्रक्रियेनंतर राज्याने तिचा जन्मदाखला बदलून दिला होता, लग्नही नोंदवलं होतं. तरी खात्याने अर्ज फेटाळला होता. मंडळाने निकाल फिरवला. राज्य हे लग्न स्त्री-पुरुषाचं मानत असेल, तर व्हिसासाठीही ते लग्नच. परदेशी जोडीदार ट्रान्सजेंडर असला तरी तर्क तोच.

दिलासा मोठा, पण अटींचा. शस्त्रक्रिया हवी, नवा दाखला हवा, राज्य अनुकूल हवं. शाळेच्या जनरल रजिस्टरातली साधी जन्मतारीख बदलताना पालकांची किती दमछाक होते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक. इथे तर लिंग बदलायचं होतं!

खरी कलाटणी २६ जून २०१३ ला मिळाली. 'विंडसर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ ची ती व्याख्या रद्द केली. महिन्याभरातच अपील मंडळाने समलिंगी विवाहही व्हिसासाठी ग्राह्य धरला. लग्न जिथे झालं तिथे कायदेशीर असलं की पुरे. ज्यांच्या देशात लग्नच लावता येत नाही, त्यांना दुसऱ्या देशात लग्न करण्याची वाट मोकळी झाली, किंवा वाग्दत्तांसाठीचा के-वन व्हिसा. त्यात मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत उतरल्यावर नव्वद दिवसांत लग्न.

आपल्याकडे २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात ट्रान्सजेंडर स्त्रीही येते, असं म्हटलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, पण ट्रान्सजेंडर व्यक्तीचा स्त्री-पुरुष विवाह मान्य केला. म्हणजे असं लग्न इथे लावून त्या आधारावर अर्ज करता येतो.

२०२५ मध्ये वारं फिरलं. जानेवारीतल्या अध्यक्षीय आदेशानंतर एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याने कागदपत्रांवर फक्त जन्मावेळचं लिंग मानायचं ठरवलं. पासपोर्टवर एक आणि ग्रीन कार्डावर दुसरंच, असा मनस्ताप त्यातून आला. पण लग्न मात्र टिकलं, कारण २०१३ नंतर नवरा-बायको ठरवायला त्या रकान्याची गरजच उरली नव्हती.

मला यातला हाच धडा महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये या जोडप्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. २०१३ मध्ये मुळात प्रश्नच खोडला गेला. उत्तर सरकार बदललं की बदलू शकतं. ज्या संसाराला तो प्रश्न विचारलाच जात नाही, तो संसार अधिक सुरक्षित.