सहाशे रत्तल

उमय्या खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (रह.) यांची कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची, इ.स. 717 ते 720. त्यांच्या पत्रांची नोंद इब्न अब्दुल हकम यांनी लिहिलेल्या चरित्रात सापडते. त्यातलं एक पत्र इजिप्तच्या अधिकाऱ्याला आहे. तिथे माल वाहणाऱ्या उंटांवर हजार हजार रत्तल ओझं लादतात, असं खलिफांच्या कानावर आलं होतं. यापुढे एकाही उंटावर सहाशे रत्तलांपेक्षा जास्त भार असल्याचं मला कळता कामा नये, असा त्या पत्राचा आशय. (रत्तल हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला दुकानातून ठाऊक होता. तो अरबीतूनच आपल्याकडे आला.)

आपल्याकडे वाझमध्ये अशा गोष्टी रहमदिलीचे किस्से म्हणून सांगितल्या जातात. ते खरंच आहे, पण मला त्यातला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जनावरावर दया करा, हे कुणीही सांगतं आणि ऐकणारा आपल्या सोयीने त्याचा अर्थ लावतो. सहाशे म्हटलं की उंटवाल्याला पळवाट राहत नाही. वाहन पास की नापास, हे ठरवण्याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट निकष माझ्या वाचनात दुसरा नाही.

पुढे हे काम मुहतसिबाकडे आलं. उर्दू शायरीने या बिचाऱ्याला दारूचे प्याले फोडणारा करून टाकलं, आणि औरंगजेबाच्या मुहतसिबांमुळे इथेही त्याची तीच ओळख पक्की झाली. प्रत्यक्षात तो बाजाराचा आणि वाहतुकीचा निरीक्षक होता. बगदादचे काझी अल-मावर्दी (मृत्यू 1058) यांनी त्याची कामं सविस्तर लिहिली आहेत. नावेला पेलणार नाही आणि बुडण्याची भीती वाटेल इतका माल नावाड्याने भरला, तर मुहतसिबाने त्याला अडवावं. वारा जोराचा असेल तर नाव सोडूच देऊ नये.

या दुसऱ्या नियमापाशी मी बराच वेळ थांबलो. सकाळी पास झालेली तीच नाव दुपारी वारा सुटला की नापास. म्हणजे तपासणी नुसत्या नावेची नव्हती, त्या दिवसाच्या प्रवासाची होती. शिवाय काझीपुढे कुणीतरी दाद मागावी लागे, तर मुहतसिबाला तक्रारीची वाट पाहायची नव्हती. त्याने स्वतःच धक्क्यावर जायचं होतं. बाराव्या शतकात सीरियातल्या अश-शैझरी यांनी मुहतसिबांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात आणखी बारीक सूचना आहे: लाकूडफाटा आणणारे बाजारात थांबले की जनावराच्या पाठीवरचं ओझं आधी उतरवायला लावावं. गिऱ्हाईक येईपर्यंत त्याला लादलेलं उभं ठेवू नये.

हे सगळं प्रत्येक शहरात, प्रत्येक काळात पाळलं गेलं, असा माझा दावा नाही. नियम लिहावा लागतो तो बहुधा मोडला जातो म्हणूनच.

युरोपात हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात पेटला तो जहाजांवरून. विमा उतरवलेला असल्याने जादा भरलेलं, जुनाट जहाज बुडालं तरी मालकाचं फारसं बिघडत नसे. मरत ते खलाशी. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी 1873 मध्ये पुस्तक लिहून त्याविरुद्ध रान उठवलं आणि 1876 च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणं सक्तीचं झालं. ही रेषा पाण्याखाली गेली की जहाज नापास. गंमत अशी, की रेषा कुठे काढायची ते मालकावरच सोडलं होतं! उंटवाल्यालाच त्याचा आकडा ठरवायला सांगावं, तसं. जागा कायद्याने ठरायला 1890 साल उजाडलं. 1906 मध्ये तक्ते बदलून जहाजं आणखी खोल भरायची मुभा मिळाली. त्या जहाजांवर आपल्या रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान खलाशी होते. रेषा वर सरकली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कोकणी माणसाला समुद्राचा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अल-मावर्दींचा वाऱ्याचा नियम वाचताना मला तीच आठवते.

आज आपल्या मोहल्ल्यांत ट्रक चालवणारे, गॅरेजवाले पुष्कळ आहेत. त्यांना फिटनेस सर्टिफिकेट चांगलं माहीत असतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहनाला ते लागतंच. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग पाहतात. टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. निकष चांगले आहेत. पण तपासणीला ट्रक सहसा रिकामा जातो, आणि त्या दिवसापुरते उसने टायर चढवण्याची युक्ती कुठल्याही अड्ड्यावर ऐकायला मिळते. रस्त्यावर तोच ट्रक भरून धावतो.

भाराचा आकडाही सरकतोच. 2018 मध्ये दोन धुऱ्यांच्या ट्रकचं एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेलं. जादा भारासाठी 2019 पासून 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये. भरायला लावणाऱ्यालाही हे कलम लागू होतं, पण काट्यावर अडकतो तो ड्रायव्हर, आणि माल किती भरायचा हे त्याने ठरवलेलं नसतं. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी दंडाच्या पावतीमागे झाकली जाते: जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या पत्रात दंडाचा उल्लेख नाही. चारशे रत्तल उतरवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.