माणदेशातील खडकांचा भूभौतिकीय अभ्यास

सातारा जिल्ह्यातील माण तालुका, सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका व त्यांच्या लगतचा प्रदेश मिळून होणाऱ्या माणदेशाच्या भूमीखालील खडकांचा चुंबकत्व, तरंग व विद्युत् यांच्या साहाय्याने घेतलेला शोध. शालेय भौतिकीत ही तीन प्रकरणे स्वतंत्रपणे शिकविली जातात. या प्रदेशात मात्र ती एकाच खडकाला लावली गेली. खडकाचा इतिहास, भूकंप आणि पाणी या तीन प्रश्नांतून हा अभ्यास क्रमाने वाढत गेला.

माण नदी महादेव डोंगररांगेत उगम पावून आग्नेयीकडे वाहत जाते व पुढे भीमेस मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात म्हसवडच्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले, ते याच नदीवर. येथील भूमी दक्षिण ट्रॅपची, म्हणजे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हा प्रवाहांची, बनलेली आहे. सामान्यतः प्रत्येक प्रवाहाचा खालचा भाग घट्ट व वरचा भाग सच्छिद्र असतो. या सच्छिद्र खडकास विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या दरम्यान कोठे कोठे तांबड्या मातकट द्रव्याचा थर आढळतो. घट्ट कातळात पाणी केवळ भेगांत साठते, त्यामुळे एका विहिरीस पाणी लागावे आणि शेजारची कोरडी निघावी, असे वारंवार घडते.

चुंबकत्व : लाव्ह्यात मॅग्नेटाइटासारख्या लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण असतात. लाव्हा निवत असताना त्याचे तापमान विशिष्ट मर्यादेखाली (मॅग्नेटाइटाच्या बाबतीत सु. ५८०° से. खाली) गेले की, त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेत या कणांना चुंबकत्व प्राप्त होते व ते खडकात टिकून राहते. पृथ्वीचे क्षेत्र विषुववृत्तापाशी जवळजवळ क्षितिजसमांतर व ध्रुवांकडे अधिकाधिक तिरपे असते. म्हणून खडकातील चुंबकत्वाच्या कलावरून तो निवला त्या वेळचे अक्षांश काढता येतात.

मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे मापनात दोष येऊ नये म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. या वेधशाळा वर्तमान क्षेत्राची नोंद करीत, तर प्राचीन क्षेत्राची नोंद खुद्द खडकांतच होती. ती वाचण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दक्षिण ट्रॅपच्या नमुन्यांवरील आपले निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे या भारतीय संशोधकांनी हे कार्य विस्तारले. हे नमुने इतरत्र गोळा केलेले असले, तरी माणदेशातील प्रवाह त्याच ज्वालामुखी मालिकेतील असल्याने निष्कर्ष येथेही लागू पडतो. हे खडक निवले त्या वेळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस सु. २५° ते ३०° अक्षांशावर होता. आज माण सु. १७.५° उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे दरम्यानच्या काळात भारतीय भूखंड सु. ५,००० किमी. उत्तरेस सरकला. त्या काळी भूखंडांच्या हालचालीविषयी तीव्र मतभेद होते, त्यामुळे या पुराव्यास विशेष महत्त्व आले.

काही प्रवाहांत चुंबकत्वाची दिशा उलट आढळली. पृथ्वीचे क्षेत्र भूतकाळात पालटले होते, याचे ते निदर्शक होय. सह्याद्रीतील बहुतेक प्रवाह एकाच उलट कालखंडातील आहेत. यावरून लाव्ह्याचा मोठा भाग सु. दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असावा, असे अनुमान १९८० नंतरच्या दशकात काढण्यात आले.

तरंग : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसरात सु. ६.३ महत्तेचा भूकंप झाला व सु. १८० लोक मृत्युमुखी पडले. तोवर दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानले जाई. धरणाचा जलाशय १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी भरू लागल्यापासून लहान धक्के जाणवू लागले होते. त्यामुळे जलाशयातील पाणी व भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न पुढे आला आणि कातळाच्या खाली काय आहे, हे जाणणे अगत्याचे ठरले.

यासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९६१) १९७० नंतरच्या दशकात कृत्रिम स्फोटांनी तरंग निर्माण करून सर्वेक्षण केले. त्यातील एक रेषा कोकणातील गुहागरपासून सांगली जिल्ह्यातील चोरोचीपर्यंत होती. बेसाल्टात अनुतरंगांचा वेग सेकंदास सु. ५ किमी., तर त्याखालील ग्रॅनाइटी खडकांत सु. ६ किमी. असतो. खालच्या थरात शिरताना प्रणमन पावून त्यातून वेगाने आलेला तरंग, अंतर पुरेसे असल्यास, वरच्या थरातून सरळ आलेल्या तरंगाच्या आधी पोहोचतो. या वेळांवरून थराची जाडी काढतात. बेसाल्टाची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते आणि भूकवचाचा तळ सु. ३६ ते ४० किमी. खोलीवर आहे, असे या सर्वेक्षणांतून दिसून आले. पुढे कोयना परिसरातील खोल वेधनांत बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागले.

विद्युत् : १९७२ च्या दुष्काळाने भूजलाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी राज्य शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. पाणी शोधण्यास पाणाड्या बोलाविण्याची रीत गावोगाव होतीच. तिच्या जोडीला विद्युत् रोधकतेचे मापन आले. फ्रँक वेनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१५ च्या सुमारास सुचविलेल्या पद्धतीत एका रेषेत समान अंतरावर चार अग्रे जमिनीत रोवतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. दाब मोजणाऱ्या अग्रांतून जवळजवळ प्रवाहच जात नसल्याने कोरड्या मातीतील सदोष स्पर्शाचा परिणाम टळतो. दाबास प्रवाहाने भागून येणाऱ्या संख्येस अग्रांतील अंतराने व ६.२८ ने गुणले की रोधकता मिळते. उदा., अंतर २० मी. व भागाकार ०.३ ओहम असल्यास रोधकता सु. ३८ ओहम-मीटर येते. अंतर वाढवीत गेल्यास अधिक खोलीवरील थरांचा अंदाज येतो.

घट्ट बेसाल्टाची रोधकता शेकडो ओहम-मीटर असते. भेगांतील पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने ते विजेचे वहन करते व तेथे रोधकता कित्येक पटींनी कमी भरते. मात्र चिकणमातीची व तांबड्या थराचीही रोधकता कमीच असते आणि त्यांतून पाणी फारसे पाझरत नाही. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून विंधन विहीर घेतल्यास शेतकऱ्याचा खर्च वाया जाण्याचा संभव असतो. जवळपासच्या विहिरींतील थर पाहूनच मापनाचा अर्थ लावणे श्रेयस्कर होय. बेसाल्टात उभ्या घुसलेल्या भित्ती काही ठिकाणी भूजल अडवितात. भोवतीच्या खडकाहून त्यांचे चुंबकत्व भिन्न असल्यास त्या चुंबकत्वमापकाने हुडकता येतात.

या पद्धती पाण्याचा ठाव सांगतात, पाणी वाढवीत नाहीत. पर्जन्याने जेवढे मुरेल तेवढेच भेगांत साठते. त्याहून अधिक उपसा झाला की अचूक जागी घेतलेली विहीरही आटते. कृष्णेचे पाणी विजेच्या पंपांनी उचलून आटपाडी परिसरास देणारी टेंभू योजना ही याच मर्यादेतून निर्माण झालेली गरज होय. ते पाणी न पोहोचणाऱ्या शिवारांत कातळातील भेगांचा शोध व त्यांत पाणी मुरविण्याचे उपाय यांचे महत्त्व कायम आहे.